शाळेतील संगणकाचे घड्याळ आणि आपली प्रमाणवेळ
(दापोली तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या व्यवहारात घड्याळाचे स्थान फार जुने आहे. पहिली घंटा, प्रार्थना, हजेरी, मधली सुट्टी आणि शेवटची घंटा या सर्वांची शिस्त भिंतीवरील एका घड्याळावर अवलंबून असे. ते मागे पडले तर गुरुजी मनगटावरील घड्याळ पाहून त्याचे काटे सरकवीत, आणि तेवढ्याने काम भागे. आता बहुतेक शाळांत संगणक आला आहे. त्याच्याही पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उमटते, आणि ती चुकलेली दिसली की जुन्या सवयीने तिचेही काटे सरकविण्याकडे हात वळतो. वेळ जुळल्यासारखी दिसते, परंतु काम भागत नाही. पुष्कळदा ते त्या क्षणापासूनच बिघडू लागते. असे का होते आणि शिक्षकाने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण मुलाची जन्मतारीख, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची घटका, पोषण आहाराच्या छायाचित्रावरील दिनांक आणि कचेरीकडे गेलेल्या पत्राची वेळ या सर्व गोष्टी आता याच यंत्राच्या घड्याळातून निघतात. घड्याळ चुकले तर दोष यंत्राचा असला तरी हानी मुलाची होते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे इष्ट आहे.

प्रारंभ आपल्या अंगणातूनच करावा. दापोली गाव सुमारे ७३ अंश ११ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते तो ८२ अंश ३० मिनिटांचा असून तो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. दोन्ही रेखांशांत ९ अंश १९ मिनिटांचे अंतर आहे, तेव्हा त्यास सुमारे ३७ मिनिटे लागतात. अर्थात घड्याळात बारा वाजतात तेव्हा दापोलीचा सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. १५ एप्रिल किंवा १ सप्टेंबर या दिवसांच्या सुमारास शाळेच्या पटांगणात सरळ काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खूण केली, तर सर्वांत आखूड सावली १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास मिळेल. सूर्याची गती वर्षभर एकसारखी भासत नाही. त्यामुळे हाच क्षण फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५१ मिनिटांपर्यंत पुढे जातो, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २१ मिनिटांपर्यंत अलीकडे येतो.

मग खरी वेळ कोणती, सूर्याची की घड्याळाची, असा प्रश्न वर्गातील एखादा चौकस मुलगा विचारीलच. त्याला असे उत्तर द्यावे की, सूर्याची वेळ ही त्या गावाची वेळ, आणि घड्याळाची वेळ ही सर्व देशाने मिळून केलेला करार. दोन्ही खऱ्या आहेत. एकीचे काम दुसरीवर लादले म्हणजे घोटाळा होतो.

हा करार फार जुना नाही. पूर्वी प्रत्येक गाव आपल्या सूर्याप्रमाणे चाले. दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिज येथे गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. त्या वर्षी भारतीय प्रमाणवेळ जन्मासही आलेली नव्हती. केंब्रिजला मध्यान्ह झाली म्हणजे मुर्डीस सूर्याप्रमाणे सुमारे चार वाजून पन्नास मिनिटे होत. परंतु त्याच क्षणी मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी आणि कलकत्त्याची त्याहून वेगळी असे. आगगाड्यांना मात्र असे चालण्याजोगे नव्हते. एका स्थानकाहून गाडी एका वेळेने सुटून दुसऱ्या स्थानकी दुसऱ्या वेळेने पोहोचू लागली तर वेळापत्रक तरी कसे छापावे? म्हणून रेल्वेने देशाच्या साधारण मध्यावरील मद्रासची वेळ घेतली. १८८१ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांनी हीच मद्रास वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांतही चालू केली. लोकांस ती रुचली नाही, आणि १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

दरम्यान १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे अनेक राष्ट्रांची परिषद भरून लंडनजवळील ग्रिनिच येथील रेखावृत्त हे शून्य अंशाचे मानावे असे ठरले. त्या आधारावर १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मुंबईची स्वतःची वेळ हिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. आपला दिवस कोणी दुसऱ्याने ठरवावा हे मुंबईकरांना मानवले नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, नगरपालिकेने जुनी वेळ सोडली नाही, आणि ही दुहेरी राहणी कोठे ना कोठे १९५५ पर्यंत टिकली. कोकणातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या चाकरमान्याला त्या काळी वेळ विचारताना ‘कोणती वेळ, मुंबईची की स्टँडर्ड?’ हाही प्रश्न विचारावा लागे. आज संगणकासमोर बसलेल्या शिक्षकापुढे तोच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो.

आता संगणकाकडे वळू. संगणकाचा सर्व कारभार पाहणारा जो मूळ कार्यक्रम असतो त्यास कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. शाळांतून आढळणाऱ्या विंडोज व लिनक्स आणि मोबाइलवरील अँड्रॉइड या अशा कार्यप्रणाली होत. त्या आतून आपली वेळ दापोलीची ठेवीत नाहीत आणि दिल्लीचीही ठेवीत नाहीत. त्या एकच जागतिक वेळ मोजतात. तिला यूटीसी असे नाव असून ती ग्रिनिचच्या वेळेशी जवळजवळ जुळते. लिनक्स व अँड्रॉइड यांत तर १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचला मध्यरात्र झाली त्या क्षणापासून किती सेकंद लोटले एवढीच गणना चालते. त्या क्षणी भारतात सकाळचे साडेपाच वाजले होते. एखाद्या यंत्राची स्मृती पुसली जाऊन पडद्यावर अचानक ‘१ जानेवारी १९७०, सकाळी ५.३०’ असे दिसू लागले तर त्याचा अर्थ आता कळेल: यंत्राची गणना शून्यावर गेली आहे.

ही सेकंदांची रास आपल्या उपयोगाची नाही. म्हणून कार्यप्रणालीला सांगावे लागते की, हे यंत्र अमुक कालविभागात आहे, तेव्हा तेथील रीतीप्रमाणे वेळ दाखव. या कालविभागालाच टाइम झोन म्हणतात. भारतासाठी ती आज्ञा ‘साडेपाच तास मिळवून दाखव’ अशी आहे. थोडक्यात, घड्याळ म्हणजे मोजणे आणि कालविभाग म्हणजे दाखविणे. दुकानदाराने वजन एकदाच करावे आणि गिऱ्हाईकाने विचारल्यास किलोत सांगावे किंवा शेरात सांगावे, तसाच हा प्रकार आहे. सांगण्याची रीत चुकली म्हणून कोणी तराजूत दगड टाकीत नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते. एक उदाहरण घेऊ. नव्याने कार्यप्रणाली बसविलेल्या संगणकावर पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा कालविभाग आपोआप निवडलेला राहतो. जून महिन्यातील सोमवारी सकाळी दहा वाजता असा संगणक उघडला तर त्यावर रविवार, रात्री साडेनऊ असे दिसेल. शिक्षक काटे सरकवून सोमवार, दहा असे करतो. पडदा आता शहाण्यासारखा दिसू लागतो. पण यंत्राची समजूत अशी झाली की, अमेरिकेत सोमवारचे सकाळी दहा वाजले आहेत. म्हणजे भारतात सोमवारची रात्रीचे साडेदहा झालेले असणार! त्या यंत्रावरील टपालाच्या कार्यक्रमातून सकाळी दहाला धाडलेले ई-पत्र कचेरीतील संगणकावर रात्री साडेदहाचे म्हणून दिसू शकते. मुदत सायंकाळी पाचपर्यंतची असेल तर वेळेवर काम करणाराच उशिराचा ठरतो. शिवाय इंटरनेट मिळताच यंत्र आपली गणना जागतिक वेळेशी पुन्हा जुळवून घेते आणि पडद्यावर रविवारची रात्र परत येते. मग ‘हा संगणक रोजच बिघडतो’ अशी तक्रार होते. यंत्र बिघडलेले नसते. त्याला आपण कोठे आहोत हे कोणी सांगितलेलेच नसते.

यास्तव पहिला नियम असा: आधी कालविभाग पाहावा, मग काटे. हा क्रम उलटा करू नये. विंडोजवर पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळावर माउसची उजवी कळ दाबली असता तारीख व वेळ जुळविण्याचा पर्याय मिळतो. त्यात टाइम झोनच्या यादीतून अधिक साडेपाच तासांची आणि चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही चार नावे असलेली ओळ निवडावी. याच साडेपाच तासांची आणखी एक ओळ यादीत आहे, ती श्रीलंकेची. आज दोन्हींची वेळ एकच दिसते, परंतु श्रीलंकेने १९९६ मध्ये आपली घड्याळे बदलली होती आणि २००६ मध्ये ती पुन्हा साडेपाच तासांवर आणली. तेव्हा जुन्या तारखांच्या नोंदींत फरक पडू शकतो. आपल्या देशाचीच ओळ निवडणे हे योग्य. त्यानंतर वेळ आपोआप जुळविण्याचा पर्याय चालू करावा. इंटरनेट नसेल तरच हाताने काटे लावावेत.

लिनक्सवर आशिया खंड निवडून त्यातील कोलकाता हे नाव घ्यावे लागते. येथे कोकणातील शिक्षकाला सहज वाटते की, मुंबई का नाही? याचे कारण जाणण्यासारखे आहे. जगातील सर्व कालविभागांची एक सार्वजनिक नोंदवही आहे. १९८६ च्या सुमारास आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तिचा पाया घातला, आणि पुढे स्वयंसेवकांनी ती अद्ययावत ठेविली. १९७० नंतर ज्या प्रदेशातील घड्याळे एकमेकांशी सतत जुळत आली त्या प्रदेशाला तीत एकच नोंद असते आणि त्यास तेथील एका मोठ्या शहराचे नाव देतात. मुंबई वेळेचा वाद १९५५ मध्येच मिटला असल्याने भारताला एक नोंद पुरली, आणि ती कोलकात्याच्या नावे राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातील घड्याळे एक तास पुढे केली होती, हीही हकीकत त्या नोंदवहीत आहे. म्हणजे कालविभाग हा नुसता आकडा नसून त्या देशाच्या घड्याळांचा इतिहासच होय.

दुसरा नियम चूक शोधण्याविषयी आहे. घड्याळ किती चुकले आहे ते नीट मोजावे, म्हणजे का चुकले ते बहुधा तेथेच कळते. फरक बरोबर साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा असेल तर कालविभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला आहे. उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे करतात म्हणून हे दोन आकडे येतात. घड्याळ बरोबर अर्धा तास पुढे असेल तर ढाक्याची ओळ निवडली गेली असावी, अर्धा तास मागे असेल तर कराचीची, आणि पाव तास पुढे असेल तर काठमांडूची. फरक बरोबर साडेपाच तासांचा असून त्याच यंत्रावर विंडोज व लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली असतील, तर दोष दोघींच्या भिन्न रीतींचा आहे. यंत्र बंद असतानाही चालणारे जे आतले घड्याळ असते त्यात लिनक्स जागतिक वेळ लिहिते, तर विंडोज स्थानिक वेळ लिहिते. एकीने लिहिलेले दुसरीने आपल्या रीतीने वाचले की विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसते किंवा लिनक्सचे तितकेच पुढे. अशा वेळी लिनक्सलाही आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवण्यास सांगावे, म्हणजे भांडण मिटते.

फरक पाच-सात मिनिटांचाच असेल तर तो यंत्राचा नेहमीचा ढिलेपणा समजावा. आपोआप जुळणी चालू केली की तो नाहीसा होतो. पण दर वेळी संगणक सुरू करताच वर्ष, महिना, दिवस सारेच चुकलेले दिसत असेल, तर आतल्या घड्याळाची रुपयाएवढी चपटी बॅटरी संपली आहे. ती बाजारात थोड्या पैशांत मिळते. कोकणात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि अशा शाळांत ही बॅटरी संपल्याचे लवकर ध्यानी येते. ती न बदलता रोज तारीख लावीत बसणे म्हणजे गळके छप्पर न शाकारता रोज पाणी पुसण्यासारखे आहे. शिवाय तारीख वर्षानुवर्षे मागे असेल तर शासकीय संकेतस्थळे उघडतही नाहीत. प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षेचे प्रमाणपत्र ठराविक मुदतीचे असते, आणि यंत्राच्या चुकीच्या घड्याळाप्रमाणे ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. शिक्षकाला मात्र वाटते की संकेतस्थळ बंद आहे, आणि अर्ज भरण्याचा दिवस निघून जातो.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ, ती म्हणजे जन्मतारीख. गावातील जुन्या दाखल्यांत १ जून हा जन्मदिवस किती जणांच्या नावापुढे आहे हे शिक्षकांस सांगावयास नको. पूर्वी तारीख ठाऊक नसे म्हणून गुरुजी ती घालीत. आजच्या मुलांच्या तारखा जन्मनोंदीवरून येतात, आणि त्या बिघडण्याचे दोन नवे मार्ग संगणकाने आणले आहेत.

पहिला मार्ग तारीख दाखविण्याच्या रीतीचा. आपण दिवस, महिना, वर्ष असे लिहितो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. कार्यप्रणालीत प्रदेश म्हणून अमेरिका निवडलेली असेल तर ५/६/२०१८ हे ५ जून न राहता ६ मे होते, आणि यंत्र कसलीही तक्रार करीत नाही. तारीख १३ किंवा त्यापुढची असेल तर निदान चूक उघड तरी होते, कारण तेरावा महिना नाही. पण १२ पर्यंतच्या तारखा निमूटपणे बदलतात. यासाठी प्रदेश भारत हाच निवडावा आणि तारीख दाखविताना महिना अक्षरांत दिसेल अशी रीत ठेवावी.

दुसरा मार्ग कालविभागाचा. काही कार्यक्रम नुसती तारीख साठविताना तिच्यासोबत मध्यरात्रीची वेळही साठवितात. भारतातील १ जूनची मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेने ३१ मेची सायंकाळचे साडेसहा. अशी यादी चुकीच्या कालविभागाच्या संगणकावर उघडली तर साऱ्या वर्गाच्या जन्मतारखा एकेक दिवस मागे गेलेल्या दिसू शकतात. वर्गातील सर्वच मुले एका दिवसाने मोठी झाली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण प्रवेशाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या वयोमर्यादेच्या काठावर जे मूल असते त्याच्यावर हा एक दिवस अन्याय करून जातो. वयाच्या संशयाने दार बंद होण्याचे दुःख या तालुक्यास अपरिचित नाही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे ते महर्षी झाले, हा त्यांच्या धैर्याचा महिमा; पण प्रत्येक मुलाने तेवढे धैर्य दाखवावे अशी अपेक्षा ठेवून शाळेने नोंदी ठेवू नयेत. संगणकावरून निघालेली प्रत्येक यादी पाठविण्यापूर्वी तिच्यातील चार-पाच जन्मतारखा कागदी नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. एवढ्याने ही चूक पकडली जाते.

वेळ दाखविण्याच्या रीतीबद्दलही एक सूचना आहे. ‘१५ तारखेस रात्री १२ पर्यंत’ असे वाचून १५ तारीख सुरू होतानाची रात्र धरावी की संपतानाची, हा घोटाळा नेहमीचा आहे. खेड स्थानकावर ० वाजून १५ मिनिटांनी येणाऱ्या गाडीचे तिकीट असता दुसऱ्या दिवशीच्या रात्री फलाटावर जाऊन उभे राहिलेले प्रवासी पुष्कळांनी पाहिले असतील. यासाठी शाळेच्या संगणकावर चोवीस तासांची रीत ठेवावी. तीत दिवस ००.०० ला सुरू होतो आणि २३.५९ नंतर संपतो, तेथे संशयाला जागा उरत नाही.

हा विषय केवळ कचेरीच्या कामापुरता ठेवू नये. तो वर्गात न्यावा. या किनाऱ्यावरील हर्णै, दाभोळ, आंजर्ले आणि खाडीकाठच्या गावांतून कितीतरी घरांतील कर्ते पुरुष आखातात नोकरीस आहेत, कोणी बोटीवर आहेत. मुलाला वडिलांशी बोलावयाचे असते, पण ते कामावर असतील की झोपलेले असतील हे त्याला कळत नाही. त्याला शिकवावे की, कुवेत, कतार व सौदी अरेबिया ही आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत, आणि दुबई व मस्कत दीड तास. दापोलीस रात्रीचे आठ वाजले म्हणजे कुवेतला सायंकाळचे साडेपाच आणि दुबईस साडेसहा झालेले असतात. त्याच वेळी लंडनला दुपारचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून ही दोन उत्तरे. विंडोजमध्ये मुख्य घड्याळाखेरीज आणखी दोन घड्याळे दाखविण्याची सोय आहे. त्यांपैकी एक आखातातील व एक लंडनचे ठेवावे. रोज सकाळी एका मुलाने तिन्ही वेळा फळ्यावर लिहाव्यात आणि फरक सांगावा. भूगोलातील रेखांश, गणितातील वजाबाकी आणि घरातील माणसाची आठवण या तिन्ही गोष्टी त्या तीन ओळींत एकत्र येतात.

पावसाळ्यात दुसरा पाठ आयता मिळतो. कोकणातील पावसाचे आकडे सकाळी साडेआठ वाजता संपणाऱ्या चोवीस तासांचे असतात. साडेआठच का? कारण त्या वेळी जागतिक वेळेचे बरोबर तीन वाजलेले असतात, आणि हवामानाची निरीक्षणे सर्व देशांत एकाच क्षणी घेतली तरच ती परस्परांशी ताडता येतात. उलट, पिकांशी निगडित असलेली कृषिहवामानाची निरीक्षणे आजही त्या त्या ठिकाणच्या स्थानिक सूर्यमानाप्रमाणे घेतली जातात, कारण भाताच्या रोपाला प्रमाणवेळ ठाऊक नसते. शाळेत साधे पर्जन्यमापक असेल तर रोज साडेआठला त्यातील पाणी मोजावे. आपली शाळा त्या क्षणी साऱ्या जगाबरोबर एक नोंद करीत आहे, हा विचार मुलांच्या मनावर चांगला परिणाम करील.

खालच्या इयत्तांनी सावलीची काठी पाहावी. पाचवीच्या पुढील मुलांनी आपल्या गावाच्या रेखांशावरून सूर्याची वेळ काढावी, आणि ती सावलीशी जुळते का ते तपासावे. सातवी-आठवीच्या मुलांनी संगणकाचा कालविभाग शिक्षकांच्या देखरेखीखाली क्षणभर बदलून पाहावा. घड्याळ बदलते, पण बाहेरचा सूर्य आणि आतली गणना दोन्ही जागच्या जागी राहतात, हे त्यांनी स्वतः पाहिले म्हणजे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. पाठ संपताच भारताची ओळ परत निवडली आहे याची खात्री शिक्षकाने स्वतः करावी.

शेवटी, व्यवहाराच्या चार गोष्टी प्रत्येक शाळेने पाळाव्यात. पहिली, संगणक दुरुस्तीहून आला किंवा त्यावर नवी कार्यप्रणाली बसविली की सर्वप्रथम कालविभाग, मग प्रदेश, मग घड्याळ या क्रमाने तपासणी करावी. दुसरी, सिमकार्ड नसलेल्या टॅब्लेटची तपासणी महिन्यातून एकदा करावी. नाहीतर १५ ऑगस्टच्या सकाळी आठ वाजता घेतलेले झेंडावंदनाचे छायाचित्र १४ तारखेच्या सायंकाळचे म्हणून साठविले जाते. तिसरी, मुदतीचे काम शेवटच्या तासावर ठेवू नये आणि पोचपावती कागदावर उतरवून घ्यावी. चौथी, संगणकावर कितीही विश्वास असला तरी मुलाच्या जन्मतारखेचा मूळ आधार कागदी नोंदवही हाच मानावा.

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अणुघड्याळांच्या साहाय्याने राखली जाते. तेथून निघालेली वेळ डोंगरापलीकडील वाडीतील एकशिक्षकी शाळेपर्यंत बिनचूक पोहोचते. तिचा शेवटचा टप्पा मात्र शिक्षकाच्या हाती असतो. यादीतील एक योग्य ओळ निवडण्यास अर्धे मिनिट लागते, आणि त्या अर्ध्या मिनिटावर शाळेतील सर्व मुलांच्या नोंदींचा खरेपणा अवलंबून असतो.